गोंद्याच्या बसमधला सफरचंदाचा ट्रे

तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी उठून जी बाई सगळ्यांचा नाश्ता करते, ती स्वतः काय खाऊन घराबाहेर पडते? अंदाज सांगू नका. माहीत असेल तर सांगा.

आमच्या घरात याचं उत्तर गेल्या श्रावणात कळलं, आणि तेही घरात नाही. माझी आई नाशकाजवळच्या गोंदे गावातल्या एका कंपनीत वाइंडिंगच्या मशीनवर आहे. पंख्याच्या मोटारीत जी तांब्याची तार गुंडाळलेली असते, ती गुंडाळण्याचं काम. एका सकाळी तिच्या सुपरवायझरचा फोन आला. "ताईंना चक्कर आली होती. घाबरू नका, बसवलंय, लिंबूपाणी दिलंय." संध्याकाळी आई नेहमीच्या बसने, नेहमीच्या चालीने घरी आली, पर्स खुंटीला लावली आणि कणीक मळायला घेतली. खरी गोष्ट तिने पोळ्या लाटता लाटता सांगितली. सुपरवायझर म्हणाला होता, "महिनाभर बघू. परत असं झालं तर मशीनवर उभं करता येणार नाही, पॅकिंगला टाकावं लागेल."

"पॅकिंगला वाईट काय आहे? तिथं खुर्ची असते," बाबा म्हणाले.

"खुर्ची तुम्ही घ्या," आई म्हणाली. "मला माझं मशीन पाहिजे."

ते मशीन तिला कुणी आयतं दिलेलं नाही. खोके बंद करण्यापासून सुरुवात करून ती तिथवर पोचली होती. आता परत खोक्यांकडे जायचं म्हणजे तिच्या लेखी चालत आलेला रस्ता उलटा चालायचा. तिच्या मशीनच्या बाजूला तिने आरशाचा एक छोटा टिकलीएवढा तुकडा चिकटवला आहे. हे मशीन कुणाचं, हे कुणी विचारू नये म्हणून.

डॉक्टरांनी विचारलं, "सकाळी काय खाता?"

"चहा."

"आणि?"

"चहाच."

"रक्त कमी आहे, पित्त वाढलंय, आणि तुम्ही रिकाम्या पोटी तासन्‌तास उभ्या राहता. गोळ्या देतो, पण गोळी म्हणजे न्याहारी नव्हे."

मी शेजारीच बसले होते. त्या सकाळी मी काय खाल्लं होतं ते मला नीट आठवत होतं. वाटीभर पोहे, वर खोबरं आणि कोथिंबीर. आईनेच केलेले.

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाबा सातपूरच्या एका कारखान्यात आहेत आणि कामगारांच्या सभांची पत्रकं तेच लिहीत. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली, फळीवर डब्यांखाली तीच अंथरलेली असत, शेंगा सोलायलाही तीच. बाबांचा एक नियम होता: पत्रकात मागणी एकच असावी आणि ती पहिल्या ओळीत असावी, दहा मागण्या केल्या की साहेब त्यातली सगळ्यात स्वस्त मान्य करतो. तेव्हा मी माझी मागणी ठरवली. आईने मशीनपाशी पोचण्याआधी पोटभर खाल्लं पाहिजे. बाकी काही नाही.

आता तिची सकाळ बघा. साडेचारला उठते. तिघांच्या डब्याची पोळीभाजी, आमच्यासाठी पोहे नाहीतर उपमा, अंघोळ, देवापाशी दिवा. सहानंतर इंदिरानगरच्या बोगद्यापाशी कंपनीची बस येते आणि ती कुणासाठी थांबत नाही. मी क्लासमध्ये शिकवते, माझी वेळ दहाची. बाबा नऊला निघतात. म्हणजे ज्या दोघांना घाई नाही त्यांचं खाणं झाकून तयार, आणि जिला घाई आहे ती उपाशी. ही व्यवस्था कुणी ठरवली? कुणीच नाही. अशा व्यवस्था कुणी ठरवत नाही, त्या नुसत्या चालू असतात, म्हणून तर त्यांच्याशी भांडायला समोर कुणी सापडत नाही.

मी पहिल्यांदा सरळ उपाय केला. तिच्याबरोबर उठले आणि कढईचा ताबा घेतला. पाचव्या मिनिटाला आईने उलथणं माझ्या हातातून काढून घेतलं. "तू लुडबुडू नकोस ग. तुझ्या नादात माझी बस जाईल." तिचं खरं होतं. पहाटेच्या त्या ओट्यावर दुसऱ्या माणसाला जागाच नव्हती. म्हणजे पदार्थ आदल्या दिवशीच तयार पाहिजे, सकाळी गॅस पेटवायला नको, आणि चालता चालताही खाता आला पाहिजे. मोबाइलवर शोधताना सफरचंद आणि दालचिनी घालून भाजलेल्या ओट्सची कृती सापडली. रविवारी एक ट्रे करायचा, वड्या पाडून फ्रिजमध्ये ठेवायचा, रोज सकाळी एक वडी उचलायची.

"शिळं?" आई म्हणाली.

"खारी शिळी असते का? नानकटाई शिळी असते का?"

"ते बेकरीचं."

"हेही बेकरीचंच. बेकरी फक्त घरात आहे."

ओव्हन आमच्याकडे होता. दिवाळीत घेतलेला, एकदा केक केलेला, आणि तेव्हापासून त्यात कुरडया राहत होत्या. कुरडयांना दुसरं घर शोधून दिलं. बाबांना ओट्स आणायला पाठवलं, तर ते मसाला ओट्सची पाकिटं घेऊन आले. आमच्याकडे ओट्स म्हणजे तेच, गाजर-वाटाण्याचे तुकडे घातलेलं तिखट प्रकरण. "यात सफरचंद घालू?" मी विचारलं. "घालून बघ की, प्रयोगशील व्हावं माणसाने," बाबा म्हणाले आणि चपला घालून परत गेले. साधे ओट्स खालच्या फळीवर होते, धूळ बसलेले. सफरचंदं मात्र झकास मिळाली. श्रावणात हिमाचलचा नवा माल गाड्यांवर येतो, करकरीत, आंबटगोड. द्राक्षांच्या नाशकात सफरचंद कशाला, असं एकीने मला तोंडावर विचारलं. द्राक्षं श्रावणात कुठे असतात, एवढंच मी तिला विचारलं.

कृती सोपी आहे, आणि मी ती लपवून ठेवणार नाही. दोन वाट्या ओट्स. त्यात चमचाभर दालचिनीची पूड, चमचाभर बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ. दुसऱ्या भांड्यात एक पिकलेलं केळं कुस्करायचं, अंड्याचं काम ते करतं. त्यात अर्धी वाटी किसलेला गूळ, दोन वाट्या दूध, चमचाभर पातळ तूप. दूध थंड हवं. गरम दुधात गूळ घातला की ते फाटतं. दोन सफरचंदं सालासकट बारीक चिरून घालायची, सगळं एकत्र करून तूप लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचं, वर मूठभर शेंगदाण्याचा भरड कूट. मधल्या आचेवर पाऊण तास. मधोमध बोट टेकवलं की डुगडुगता कामा नये. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय सुरी लावायची नाही, नाहीतर वडीचा शिरा होतो. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाला मीठ पसरून, शिटी आणि रिंग काढून होतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

पाऊण तास होत आला तेव्हा दारावरची बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या काकू. चेहरा गंभीर, हातात रिकामी वाटी, म्हणजे निमित्तापुरती.

"साखर होती का ग थोडी? आणि... मी म्हणते, श्रावण चालू आहे ना?"

"चालूच आहे की."

"नाही, म्हणजे वास आला. जिन्यापर्यंत. मसाला भाजल्यासारखा." आणि मग आवाज खाली आणून, "मटण?"

दालचिनी म्हणजे मटणाचा मसाला, हे आमच्या जिन्याचं ठाम मत होतं. मी काकूंना आत घेऊन ओव्हनच्या काचेतून ट्रे दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. "दालचिनी गोडात? बाई बाई." जाताना वाटीत साखरेऐवजी कडेचा चमच्याने काढलेला कोमट तुकडा होता आणि जिन्यावरच तो संपल्याचं मला ऐकू आलं.

ट्रे गार झाल्यावर उरलेल्याच्या मी सहा वड्या पाडल्या. आईच्या कामाचे वार सहा, म्हणून वड्या सहा. स्वतःवर खूश होऊन झोपले.

सकाळी उठले तर बाबा वडी दुधात बुडवून खात होते. आईने ती तव्यावर गरम करून, वर साय घालून दिली होती.

"ही आईची होती!"

"अग, आज श्रावणी सोमवार. तिचा उपवास."

नाशकात जन्म काढून मी सोमवारची न्याहारी श्रावणात बेतली होती. संध्याकाळी मी उपवासावर बोलायला तोंड उघडलं, तेव्हा आईने मला तिथेच थांबवलं. "माझा उपवास मी तुझ्या बापाच्या पत्रकाला विचारून धरलेला नाही. सोमवारी मी दोन केळी आणि दूध घेईन, कबूल. बाकी दिवस तुझी वडी. झालं?" झालं. वाटाघाटीत एवढं मिळालं तर बाबाही सभा संपवत.

मंगळवारी ती वडीचा डबा ओट्यावर विसरून गेली. मी डबा घेऊन बोगद्याकडे पळत सुटले. बस उभी होती. दारातून डबा द्यायचा आणि परतायचं, तर ड्रायव्हर म्हणाला, "चढा चढा, मागे बसल्यात त्या. पाथर्डी फाट्याला उतरा." मी चढले.

आई खिडकीशी बसली होती. मी डबा दिला आणि समोरचा दांडा धरून उभी राहिले. आज तिला खाताना डोळ्यांनी बघायचंच होतं. तिने झाकण काढलं. वडीचे दोन तुकडे केले, दोनाचे चार, चाराचे आठ, आणि डबा पुढच्या सीटवर सरकवला. तिथून तो पलीकडे गेला. कुणी एक तुकडा घेतला, कुणी त्याचाही अर्धा. मालेगावकडची एक बाई, यंत्रमागांच्या खटखटीत वाढल्यामुळे की काय हळू बोलणं तिला माहीतच नाही, ती तुकडा नाकाशी धरून अहिराणीत ओरडली, "व माय, हाई काय शे? अत्तर टाकं का यामा?" सगळी बस हसली. डबा परत आला तेव्हा त्यात चुरा होता. आईने तो बोटाने टिपून खाल्ला आणि झाकण लावलं.

माझ्याच्याने राहवलं नाही. "आई, हे तुझ्यासाठी होतं! तुझं मशीन जाईल!"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग मालेगावची म्हणाली, "पोरगी भाषण करते वाटतं?"

"बापावर गेलीय," आई म्हणाली. आणि मग माझ्याकडे न बघता, खिडकीतून बाहेर बघत, "तू मला सांग, या बसमध्ये घरून खाऊन कोण आलंय? विचार एकेकीला. शेजारची उपाशी असताना मी एकटीने डबा पुढ्यात घेऊन तोंड हलवू? तसं जमत नाही बाई मला. तुला जमत असेल तर तू खा."

मी विचारलं. खरंच विचारलं, एकेकीला. चहा. चहा. चहा-बिस्किट. "काय खायला सवड मिळते? मिस्टरांचा डबा." चहा. पुढे विल्होळीला चढणाऱ्या बायकांची गोष्ट वेगळी नसणार, हे मला न विचारता कळत होतं. पाथर्डी फाट्याला मी उतरले आणि परत चालत आले.

पत्रकात "मी" हा शब्द कधी नसतो. "आम्ही" असतो. तेवढं वाचून मोठी झालेली मी एका माणसापुरत्या सहा वड्या पाडून बसले होते. आमच्या बायका दिवसभर भुकेल्या राहतील, पण एकट्या जेवणार नाहीत. ही सवय मोडायला निघाले असते तर आईचं मशीन केव्हाच गेलं असतं. सवय तशीच ठेवून ट्रे मोठा करायचा, हा त्यातला शहाणपणा होता.

त्याच संध्याकाळी मी दोन ट्रे केले. बुधवारी आईने पिशवीतून मोठा स्टीलचा डबा नेला आणि त्या बसमध्ये, गोंद्याला पोचायच्या आत, सगळ्यांनी खाल्लं. आईनेही. घरात ती खाली बसत नाही. बसमध्ये बसल्याशिवाय गत्यंतरच नसतं. ड्रायव्हरने आधी सीटवर सांडेल म्हणून कुरकुर केली आणि मग आरशात बघत हात मागे केला. "माझा वाटा कुठंय?"

संध्याकाळी डबा रिकामा परत आला नाही. रिकामं भांडं परत द्यायचं नसतं, ही रीत कारखान्याच्या फाटकाबाहेरही चालते. त्यात नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं. पेठकडची एक जण त्या बसला असते, तिने सुट्टी झाल्यावर पिशवीतून काढून ओतलं होतं. "ओट्स महाग. यात हे मिसळा," असा निरोप. मिसळलं. वडी काळसर झाली आणि चवीला दुप्पट बरी.

मग पाळ्या लागल्या. आठवडाभराचे ट्रे एकीने रविवारी करून ठेवायचे, पुढच्या आठवड्याचे दुसरीने. ओव्हन आमचा, नाहीतर आपापला कुकर. आई आता रोज खात होती. मला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या आठवड्यात आई सहज म्हणाली, "पुढचा रविवार माझा. म्हणजे कपडे शनिवारीच धुवायला हवेत." आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. या बायकांना सुट्टीचा दिवस एकच. आम्ही त्यांना न्याहारी मिळवून दिली आणि किंमत म्हणून त्यांचाच रविवार घेतला. हा कसला विजय?

मी एक पत्रक लिहिलं. बाबांच्या नियमाने, मागणी एकच, पहिल्या ओळीत: *डबा जी नेईल, तिने तो करायचा नाही.* खाली कृती. बाबांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, एक विरामचिन्ह सुधारलं आणि म्हणाले, "छान. मोजकं आहे. छापून देतो."

"बाबा," मी म्हणाले, "तुम्ही आठ तासांच्या पाळीसाठी आयुष्यभर लिहिलंत. या घरातल्या पाळीबद्दल एक ओळ लिहिलीत?"

आई आतून म्हणाली, "अग, जाऊ दे." मी जाऊ दिलं नाही. बाबांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. मग उठून ओट्यापाशी गेले, डबे उघडून बघायला लागले.

"मीठ चिमूटभर म्हणजे कुणाची चिमूट? माझी का तुझी?"

त्या रविवारी ट्रे बाबांनी केले. आईला त्यांनी स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही, पण तिला प्रश्न मात्र भिंतीतून इतके विचारले की ती वैतागून शेजारी जाऊन बसली. सफरचंदाचे तुकडे विटेएवढे होते. बसमध्ये ते कौतुकाने खाल्ले गेले. पत्रकं आईनेच वाटली. एकीने घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं, एकीने तिथल्या तिथे नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो, रविवारी सफरचंदं चिरायची आहेत."

"कोणी?"

"तुम्ही."

"नेटवर्क नाही," फोनमधून आवाज आला, आणि बस गोंद्यापर्यंत हसत गेली.

सगळ्यांच्या घरी जमलं असं नाही. दोघींच्या घरी पत्रकाची पुडी झाली. त्यांच्या पाळीचे ट्रे आम्ही घरातले, मी आणि बाबा, अजून करतो. पण मालेगावकडचीने डबा आणला तेव्हा तो उघडल्याबरोबर करपल्याचा वास सुटला. तळ कोळशासारखा. ती डबा उंच धरून उभी राहिली आणि तिने बजावलं, नवऱ्याने केलंय, नावं ठेवणारीला बसमधून उतरवीन. "मना दादलानी करेल शे. जी नावं ठेवशे, तिले उतारी दिसू!" कुणी नावं ठेवली नाहीत. वरवरचं खरवडून सगळ्यांनी खाल्लं, आणि तिने सगळ्यांत आधी.

गणपती उठले, महिना उलटला. सुपरवायझर आईच्या मशीनपाशी आला आणि म्हणाला, "ताई, आता कसं वाटतंय?"

"मला काय विचारता," आई म्हणाली, "मशीनला विचारा." आणि तार लावली. ती अजून त्याच मशीनवर आहे. चक्कर परत आली नाही. हे तिने घरी सांगितलं ते पोळ्या लाटताना नाही. ओट्यापाशी बाबा होते. ती खुर्चीत बसली होती आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर होते.

तुमच्याही घरातून कुणीतरी पहाटे बस धरत असेल. कंपनीची, शाळेची, दवाखान्याची. या रविवारी दोन वाट्या ओट्स घ्या, दोन सफरचंदं घ्या, सुरी स्वतःच्या हातात घ्या. कृती वर दिली आहे. तिला विचारायला जाऊ नका. चुकेल तर चुकू द्या, करपेल तर करपू द्या. फक्त ट्रे तिच्या एकटीपुरता करू नका, तिच्या शेजारच्या सीटलाही पुरेल एवढा करा, आणि सोमवारी ती निघताना डबा तिच्या पिशवीत तुम्ही ठेवा.